दुर्बिणीतल्या ताऱ्याला शेपूट फुटली तर: आरसा ताऱ्यावर लावायची रीत

तारा टिंबासारखा न दिसता एका अंगाला शेपूट काढतो, गुरूचे पट्टे पुसट दिसतात. हा कोमा. जीपमध्ये आदळत-आपटत बालाघाटच्या माळावर नेलेल्या न्यूटोनियन (भिंगाऐवजी आरशानं प्रकाश गोळा करणाऱ्या) दुर्बिणीचा मुख्य आरसा तिरका झालेला असतो.

पत्र्याच्या खोलीतून काढलेली दुर्बीण तासभर उघड्यावर ठेवा. आरशांची ढोबळ जुळवणी दिवसाच उरका, बारीक जुळवणी रात्री ताऱ्यावर.

तारा कोणता धरायचा? पुस्तकं म्हणतात ध्रुव, तो हलत नाही म्हणून. उत्तरेकडच्या थंड मुलखात ते खरं. अंबाजोगाईहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर. तिथल्या धुळकट हवेत, फोकस बिघडवल्यावर दिसणारी त्याची कडी उकळत्या आधणासारखी थरथरतात. माझे दोन हिवाळे त्यात गेले. जानेवारीअखेर रात्री ९ च्या सुमारास ब्रह्महृदय (कॅपेला) हा ठळक तारा ६३ अंशांवर येतो, तो धरा. सरकतो, सरकू द्या.

सहा इंची दुर्बिणीला १५० ते २०० पट वर्धन लावा आणि फोकस किंचित बिघडवा. चार-पाच कडी दिसतील, मधे दुय्यम आरशाची काळी सावली. सावली मधोमध नसेल तर मागच्या तीनपैकी एक स्क्रू नखभर फिरवा.

इथंच सगळे फसतात. स्क्रू फिरवला की तारा कडेला पळतो. तो तिथं असताना 'सुधारलं' की 'बिघडलं' हे ठरवायचंच नाही! कडेला कोमा असतोच, आरसा अगदी नीट बसलेला असला तरी. एफ ५ च्या (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट असलेल्या) दुर्बिणीत तर एफ ८ च्या अडीचपट. आधी दुर्बीण हलवून तारा मध्यावर आणा, मग सावली बघा. मी कडेच्या ताऱ्यावर भरवसा ठेवून तिन्ही स्क्रू पिळत बसलो, आणि पहाटे एक स्क्रू स्प्रिंगसकट हातात आला. सावली मध्याकडे आली तर तोच स्क्रू पुढं, लांब गेली तर उलटा. एकानं डोळा लावावा, दुसऱ्यानं स्क्रू धरावा. एकट्यानं करायला गेलं की मान आखडते आणि चिडचिड होते ती वेगळीच.

फोकस एका बाजूला बिघडवल्यावर उभा आणि दुसऱ्या बाजूला बिघडवल्यावर आडवा ताणलेला तारा दिसला, तर स्क्रूला हात लावू नका. मान तिरकी करा. ताणही सोबत फिरला तर दोष तुमच्या डोळ्याचा. चष्मा घालून बघा.

शेवटी आरसा जागच्या जागी धरणारे लॉक स्क्रू आवळताना सावली परत सरकते, तेव्हा आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) बघतच आवळा.