अडतिसाव्या वर्षी मोटार भरायला शिकलो

मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याची तार पुन्हा भरायचं, प्रशिक्षण मोफत आहे हे मला दोन वर्षांपासून ठाऊक होतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद चिकटवलेला असायचा, जाता-येता वाचायचो. तरी जायला २०१९ चा मे उजाडला. फी नव्हती, पण महिनाभराची मजुरी बुडणार होती, आणि घरी दोन लेकी नि म्हातारी आई. परभणीत सेंट्रिंगच्या कामावर मला तेव्हा रोज साडेतीनशे मिळायचे. तीस दिवसांचे साडेदहा हजार. लेकरांच्या बापाला मोफत शिक्षणाची खरी फी ही पडते आणि ती कुठल्याच कागदावर लिहिलेली नसते. म्हणून आधी पैशांचंच सांगतो.

मी दोन शेळ्या मार्चमध्ये विकल्या आणि दीड महिन्याचा किराणा एकदम भरून ठेवला. बायकोने तिच्या बचत गटातून तीन हजार उचलले. उधारीवाल्या दुकानदाराला आधीच जाऊन सांगितलं, की मी महिनाभर नसणार, जूनमध्ये हिशोब करू. सांगितलेलं बरं असतं. न सांगता गेलो असतो तर तो घरी आला असता, आणि मला तिकडे वर्गात बसून नुसता घोर लागला असता. आमच्या बॅचमधले दोघं जण आठव्या-नवव्या दिवशी निघून गेले. दोघांनाही शिकायचं होतं, घरून फोन आला म्हणून गेले.

दुसरी गोष्ट वेळेची. कोरडवाहू माणसाला मे महिना त्यातल्या त्यात मोकळा असतो. वेचणी, काढणी उरकलेली असते, मृग अजून लांब असतो. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी तर उचल घेण्याआधीच ठरवावं. एकदा मुकादमाची उचल अंगावर आली की तो हंगाम आपल्या हातात राहत नाही.

आता संस्थेचं. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, तोंडी सगळे आरसेटी म्हणतात. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाच्या मदतीने जिल्ह्याची अग्रणी बँक ती चालवते. कर्नाटकात धर्मस्थळाजवळ उजिरे इथे १९८२ साली अशी पहिली संस्था सुरू झाली, तिच्याच धर्तीवर पुढे देशभर निघाल्या. शिकवणं, राहणं, जेवण, सगळं मोफत. शेळीपालन, दुग्धव्यवसाय दहा दिवसांचे, मोबाइल दुरुस्ती, मोटार रिवाइंडिंग महिनाभराचे. मी गेलो तेव्हा वयाची अट १८ ते ४५ होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण नोकरी लावून देणाऱ्या ज्या योजना आहेत, उदाहरणार्थ दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, त्यांत सर्वसाधारण उमेदवाराला पस्तिशीची अट आहे. बाप माणूस चौकशी करायला जातो तोवर बहुधा पस्तिशी उलटलेली असते. तिथे नकार मिळाला म्हणून सगळीच दारं बंद झाली असं समजून परत फिरू नका.

माझं नाव लागलं ते बायकोच्या गटामुळे. हे बऱ्याच पुरुषांना माहीत नसतं. उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटातल्या बाईच्या घरच्या माणसाला या प्रशिक्षणासाठी घेतात. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसलं तरी गटाचं पत्र चालतं, रोजगार हमीचं जॉबकार्डही चालतं. बायकोला विचारा, गटाच्या बैठकीत ही माहिती आपल्या कितीतरी आधी आलेली असते. रोजगार हमीवर शंभर दिवस पूर्ण केलेल्या कुटुंबासाठी ‘उन्नती’ म्हणून एक प्रकल्पही निघाला होता. त्यात घरातल्या एका प्रौढ माणसाला प्रशिक्षणाच्या काळात मजुरीच्या दराने भत्ता मिळायचा. म्हणजे ती लपलेली फी सरकार भरणार. माझे शंभर दिवस भरले नव्हते. तुमचे भरले असतील तर पंचायत समितीत जाऊन आत्ता काय चालू आहे ते विचारा. आमच्या बापाने बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. त्या कामाच्या हजेरीवर पुढच्या पिढीला हुन्नर शिकता यावा, याहून चांगली गोष्ट मला दिसत नाही.

पहिले दोन दिवस मला लाज वाटली. शेजारी विशीतली पोरं, आणि मी कानशिलं पिकलेला. सकाळी काल काय शिकलो ते उभं राहून सांगावं लागायचं. माझे पाय थरथरायचे. मग एक रिंग टाकायचा खेळ झाला. खुंटी किती लांब ठेवायची ते ज्याचं त्याने ठरवायचं, लांबून पडली तर गुण जास्त. पोरांनी खुंट्या पार भिंतीपाशी नेल्या. मी हातभरावर ठेवली आणि सगळ्या रिंगा टाकल्या. सरांनी विचारलं, एवढी जवळ का? मी म्हणालो, चुकली तर? ते म्हणाले, तुम्ही घर चालवणारे आहात, तुमचं बरोबर आहे, पण दर फेरीला वीतभर मागे सरका. पुढे दुकान टाकताना मी तेच केलं. आधी घराच्या ओसरीत बसलो, गाळा दोन वर्षांनी घेतला.

मोटारच का निवडली, हेही सांगतो. गावात काय जळतं, काय मोडतं, कशासाठी लोक तालुक्याला धावतात, ते मी आधी महिनाभर पाहिलं. आमच्याकडे कृषिपंपाला वीज पाळीने, आठवड्यातले काही दिवस रात्रीची. दाब कमी, त्यात एखादा फेज गेला आणि स्टार्टरने वेळेत तोडलं नाही की मोटार जळालीच. रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत मोटार जळाली तर शेतकरी एक दिवस थांबू शकत नाही. मेमध्ये शिकलो, पावसाळ्यात हात बसवला आणि रब्बीला गिऱ्हाईक आलं. पोरं मोबाइल दुरुस्तीकडे ओढली जातात. तालुक्याच्या गावात राहणाऱ्याला ते ठीक आहे. आमच्या दीड हजार वस्तीच्या गावात त्यावर पोट भरलं नसतं.

शिकताना एक गोष्ट जिवाला लावून घ्या. जुनी वाइंडिंग, म्हणजे तारेचे वेढे, तोडायच्या आधी सगळं वहीत लिहायचं: किती स्लॉट (तार बसते त्या खाचा), प्रत्येक कॉइलला किती वेढे, तारेचा गेज कोणता, कोणत्या स्लॉटमधून निघून कोणत्यात गेली, जोड कसे आहेत. एकदा तांबं उपटलं की मोटार आपल्याला काही सांगत नाही. मी पहिल्याच महिन्यात एका पाच एचपीच्या मोटारीचे वेढे अंदाजाने धरले. ती चालली, पण तापायला लागली. तार माझ्या पैशाची घालून पुन्हा भरून दिली. तेव्हापासून थोरली लेक वेढे मोजून वहीत लिहिते आणि मी पुन्हा मोजतो.

प्रमाणपत्र हातात आलं की कर्ज लगेच मिळेल, असं धरून चालू नका. मुद्रा योजनेत शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत विनातारण कर्ज आहे. मी ज्या शाखेत गेलो तिथे मला चार खेपा घालाव्या लागल्या. माझं पीककर्ज थकलेलं होतं आणि ते पहिल्या खेपेला कोणी स्पष्ट बोललं नाही. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत ते खातं मोकळं झालं, मग वाट निघाली. तोवर मेगर (मोटारीचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणि हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन मी गटाच्या पैशातून घेतलं होतं. म्हणून प्रशिक्षणाला जाण्याआधीच आपल्या खात्याची थकबाकी बँकेत विचारून घ्या. संस्थेची माणसं प्रशिक्षणानंतर दोन वर्षं संपर्कात राहतात. कर्ज अडलं तर त्यांना सांगा, त्यांचा एक फोन आपल्या चार खेपांना भारी पडतो.

धंदा नको, नोकरीच हवी असेल तर जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जा. महास्वयम या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर नोंदणी आणि रोजगार मेळावे, दोन्ही फुकट आहेत. मेळाव्यात कोणी नोंदणीचे, गणवेशाचे पैसे मागितले तर तिथून उठा. माझ्या मेहुण्याचे असेच पंधराशे गेले. छत्रपती संभाजीनगरकडे वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत काम मिळतं, पण लेकरं गावात ठेवून जाणार असाल तर आकडा कागदावर मांडा. हातात किती येणार, खोलीचं भाडं, खाणावळ, महिन्यातून एकदा गावी यायची एसटी. पीएफ कापतात का आणि पगार कंपनी देते की ठेकेदार, हे पहिल्याच दिवशी विचारा. मेहुण्याचा हिशोब मांडला तेव्हा घरी पाठवायला जे उरत होतं, ते सेंट्रिंगच्या मजुरीपेक्षा थोडंच जास्त होतं. तरी तो गेला, कारण त्याला महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम हवी होती. त्याच्या घरी आजारपण आहे. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

ज्यांच्या हातात आधीच हुन्नर आहे, गवंडी, सुतार, लोहार, शिंपी, न्हावी, त्यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. अठरा व्यवसाय, वयाला वरची मर्यादा नाही. प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज पाचशे रुपये मिळतात, म्हणजे मजुरी बुडत नाही. अवजारांसाठी पंधरा हजार, आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. यात एक मेख आहे. घरातल्या एकालाच लाभ मिळतो, आणि गेल्या पाच वर्षांत मुद्रासारखं कर्ज घेऊन ते अजून फिटलेलं नसेल तर अर्ज अडतो. गावातल्या एका सुताराने घाईत आधी मुद्रा घेतलं आणि मग हे कळल्यावर हळहळत बसला. कोणत्या दारात आधी जायचं ते ठरवूनच पहिली सही करा.

फॉर्मसाठी आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, पासबुक, फोटो आणि गटाचं पत्र किंवा जॉबकार्ड लागतं. दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतं का ते आजच पाहून ठेवा, माझे त्यातच बारा दिवस गेले. आणि मे महिन्याची बॅच हवी असेल तर मार्चमध्येच फोन करा, एप्रिल लागेपर्यंत जागा भरलेल्या असतात.