लैंगिक आजारांची तपासणी: निघण्याआधीची तयारी

त्रास काहीच नसताना तपासायचं कशाला, हे आधी मनातून काढा. क्लॅमिडिया हा जिवाणूंमुळे होणारा लैंगिक आजार बहुतेक मुलींमध्ये गुपचूप राहतो आणि वर चढला की गर्भनलिकांना इजा करतो. पुढे दिवस राहायला अडचण येऊ शकते. म्हणूनच अमेरिकेत शरीरसंबंध असलेल्या २५ वर्षांखालच्या मुलींना दरवर्षी क्लॅमिडिया आणि गोनोरियाची (परमा) तपासणी सांगतात.

आपल्याकडे तसा शिरस्ता नाही. ‘सगळ्या टेस्ट करा’ म्हटलं की बऱ्याचदा एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिसची रक्ततपासणी) आणि हिपॅटायटिस बी एवढ्यावरच भागवतात. तेव्हा नाव घेऊन विचारा: क्लॅमिडिया-गोनोरियाची पीसीआर (नमुन्यात जंतूंचा डीएनए शोधणारी टेस्ट) होते का, किती पडतील? सरकारी रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’ या लैंगिक आजारांच्या विभागात पांढरं जाण्यासारखी लक्षणं पाहून औषधांचं रंगीत किट देतात, त्यामुळे लक्षणं नसतील तर ही टेस्ट बहुधा खासगी लॅबमध्येच करावी लागेल. एचआयव्हीची मात्र आयसीटीसीत (सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) मोफत होते. शंका असेल तर एड्सची सरकारी हेल्पलाइन १०९७ लावा.

शेवटचा असुरक्षित संबंध कधी आला ती तारीख, पाळीची तारीख, नुकतीच घेतलेली अँटिबायोटिक्स मोबाइलमध्ये टिपून ठेवा. संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी तपासायला पळू नका: क्लॅमिडियाला साधारण दोन आठवडे जाऊ द्यावेत, एचआयव्हीचा निगेटिव्ह रिपोर्ट तीन महिन्यांनी पक्का धरतात. जबरदस्ती झाली असेल तर हा हिशोब करत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात.

लघवीचा नमुना द्यायचा असेल तर आधी तासभर लघवीला जाऊ नका. डबीत सुरुवातीचीच धार घ्यायची, तीही थोडीच. नेहमीच्या लघवी तपासणीत मधली धार मागतात, इथे नेमकं उलटं. आणि आधी धुवायचं-पुसायचं नाही. स्वॅब असेल तर योनीत दोनेक इंच आत काडी फिरवायची, स्वतःच केलेलं चालतं. पाळी चालू असेल तर लॅबला फोन करून विचारा.

फॉर्मवर स्वतःचाच नंबर द्या. घरच्यांचा असेल तर रिपोर्ट थेट बाबांच्या व्हॉट्सअॅपवर! आणि १८ पूर्ण नसतील तर पॉक्सो कायद्यामुळे (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) डॉक्टरांवर पोलिसांना कळवण्याचं बंधन येतं, हे माहीत असू द्या.

क्लॅमिडिया निघालाच तर औषध जोडीदारानेही घ्यायचं, दोघांचे उपचार संपेपर्यंत आणि निदान सात दिवस संबंध बंद, तीन महिन्यांनी पुन्हा टेस्ट.