नीसच्या खिंडी : पहिल्यांदा चढणाऱ्यांसाठी

फ्रान्समध्ये नीसजवळच्या सोफिया आंतिपोलिसला मास्टर्स करायला आले तेव्हा माझ्या बॅगेत हेल्मेट, सायकलिंगचे बूट आणि दोन जर्सी होत्या. सायकल पुण्यात घरी राहिली होती. चार वर्षं दर रविवारी पहाटे बोपदेव, नाहीतर कात्रज, महिन्यातून एकदा सिंहगड असं केलेलं होतं. घाट माझ्या ओळखीचा होता. तरीसुद्धा पहिल्या दोन महिन्यांत मी तीन वेळा अर्ध्या खिंडीतून माघारी फिरले. आता दर सप्टेंबरला नवीन आलेली आपली मुलं-मुली विचारतात, "ताई, कुठून सुरुवात करू?" म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आधी एक साधी गोष्ट समजून घ्या, मला ती कोणी सांगितली नव्हती. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. सिंहगड तेराशे मीटरचा म्हटला तरी त्यातला बराच भाग आपल्या पायाखाली आयताच असतो. नीस किंवा जवळच्या मेंतों गावात तुम्ही निघता तेच समुद्राच्या कडेवरून. खिंडीच्या पाटीवर ९२७ मीटर लिहिलं असेल तर जवळजवळ तेवढं सगळं तुम्हालाच चढायचं असतं. फ्रेंचमध्ये खिंडीला 'कोल' म्हणतात, आणि इथला सायकलवाला कोल मोजतो तो पायथ्यापासून, शून्यापासून.

दुसरा फरक चढाच्या स्वभावाचा. आपला घाट तुटक असतो : एक खडी चढण, मग जरा सपाटी, तेवढ्यात श्वास परत येतो. बोपदेव उभं राहून, दात-ओठ खाऊन काढता येतो, कारण तो लवकर संपतो. इथे सहा-सात टक्क्यांचा चढ लागला की तास-दीड तास तसाच राहतो. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये जोर लावला तर पाचव्या किलोमीटरला पाय भरून येतात, आणि पुढे आठ शिल्लक असतात. म्हणून खिंड बसून चढायची. चढताना एक अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करा. नवशिक्यानं तासाला ५०० ते ६०० मीटर उंची गाठली तरी ती चांगली चाल आहे. या हिशेबानं ९२७ मीटरच्या खिंडीला दीड ते दोन तास धरा, आणि तेवढं पाणी व खाणं बरोबर घ्या. बऱ्याच खिंडींवर प्रत्येक किलोमीटरला छोटी पाटी असते : किती उरलं, पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ किती. ती पाटी वाचून पुढचाच एक किलोमीटर ठरवायचा. मला या पाट्यांनी फार आधार दिला.

सायकल इथे येऊनच घ्या किंवा भाड्यानं घ्या. पुढे ५०-३४ची कॉम्पॅक्ट क्रँक (५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या) आणि मागे ३४ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) मागून घ्या, संकोच करू नका. ३४ ला ३४ लावलं की मिनिटाला सत्तर पेडलवर ताशी जेमतेम नऊ किलोमीटर वेग पडतो, पण गुडघे शाबूत राहतात. मागे २८च असेल तर तेवढ्याच पेडलला ताशी पावणेअकरा लागतात. सात टक्क्यांवर नवीन माणसाला ते तासभर झेपत नाही.

आणि ब्रेक. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. फ्रान्समध्ये पुढचा ब्रेक डाव्या हाताला. मी भाड्यानं घेतलेल्या पहिल्या सायकलीवर हे मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ला तुर्बीहून उतरताना एका वळणावर सवयीनं डावा लिव्हर मागचा समजून जोरात दाबला आणि मागचं चाक उचललं गेलं. पडले नाही, पण हात संध्याकाळपर्यंत कापत होते. सायकल हातात आली की आधी चाक उचलून, ते फिरवून, कुठला लिव्हर कुठल्या चाकाला आहे ते डोळ्यांनी बघा. मग रिकाम्या रस्त्यावर दहा मिनिटं नुसते थांबण्याचे सराव करा. शिवाय वाहतूक उजवीकडून आहे. डावीकडे वळताना आणि गोल चौकात मेंदू पहिले काही दिवस चुकतोच.

आता रस्ते. पहिली खिंड एझची, ५०७ मीटर. नीसमधूनच 'ग्रांद कोर्निश' नावाचा जुना वरचा रस्ता निघतो. वाटेत नीसची वेधशाळा लागते; तिच्या इमारती शार्ल गार्निएच्या आणि मोठा घुमट गुस्ताव आयफेलचा. साधारण दहा किलोमीटरचा चढ आहे, एका बाजूला खाली समुद्र. २०२४ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा, मोनाकोहून नीसपर्यंत घड्याळाविरुद्धचा (प्रत्येकानं एकट्यानं, वेळ मोजून), याच खिंडीवरून गेला. पॅरिसमध्ये ऑलिंपिक असल्यामुळे त्या वर्षी टूरचा शेवट पहिल्यांदाच पॅरिसबाहेर झाला होता. खिंड ओलांडून ला तुर्बीला जा, ऑगस्टसच्या रोमन विजयस्मारकापाशी पाणी प्या आणि परत या. पहिले तीन-चार रविवार एवढंच पुरे.

दुसरी कास्तियोंची, ७०० मीटरच्या थोडी वर. मेंतोंहून सोस्पेलला जाणारा हा रस्ता सौम्य आहे, चार-पाच टक्क्यांचा. लांब चढाला पाय सरावण्यासाठी याच्यासारखा दुसरा नाही. वाटेत जुन्या ट्रामचा वळलेला दगडी पूल दिसतो. वॉन्सची खिंड सोफियाहून जवळ म्हणून बरेच विद्यार्थी तिथेच आधी जातात. ९६३ मीटर, गावातून जेमतेम दहा किलोमीटर, पण उघडाबोडका चुनखडीचा डोंगर, झाड नाही, आणि वारा. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत वर पोचा.

मग मादोन. मेंतोंहून १३ किलोमीटर, ९२७ मीटर. मोनाको-नीसमध्ये राहणारे व्यावसायिक सायकलपटू आपली तयारी तपासायला इथे येतात, एका प्रसिद्ध सायकलीचं नावही या खिंडीवरूनच पडलं आहे. सुरुवातीला हायवेचा उंच पूल डोक्यावरून जातो, नंतर सेंत-आन्येसच्या फाट्यापर्यंत वळणामागून वळण. गाव डोक्यावर कड्याला चिकटलेलं दिसतं, समुद्र पाठीमागे निळ्या पाटीसारखा उभा राहतो. फाट्यानंतर रस्ता अरुंद होतो आणि सगळं शांत. मी तिसऱ्या प्रयत्नात पहिल्यांदा वर पोचले तो रविवार होता. दोन्ही बाटल्या दहाव्या किलोमीटरलाच संपल्या होत्या. माथ्यावर मला वाटलं होतं काहीतरी टपरी असेल. आपल्या घाटमाथ्यावर भजी-चहा मिळतोच ना! तिथे फक्त पाटी होती आणि पाइनची झाडं. पलीकडे पेई गावात उतरले तर दुकान बंद, बेकरी बंद. एका आजींनी गॅलरीतून माझी रिकामी बाटली बघितली आणि हातानं चौकाकडे खूण केली. तिथे दगडी कारंजं होतं, पितळी नळातून थंडगार पाणी अखंड पडत होतं. मी तिथेच बसून अर्धी बाटली डोक्यावर ओतली.

तेव्हापासूनचा माझा नेम : प्रत्येक गावात, बाटली भरलेली असली तरी, कारंज्यापाशी थांबायचं. पाटीवर 'ओ पोताब्ल' असेल तर पाणी पिण्याजोगं; मध्ये 'नों' असेल तर नाही. दुपारी साडेबारा ते तीन आणि रविवारी दुपारनंतर गावात काही मिळेल असं धरून चालू नका. खिशात खजूर, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू ठेवा. घरून येणाऱ्या डब्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही. दर पाऊण तासाला एक, भूक लागायच्या आधी. नीसला परतलात की सोक्का खा. बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, मोठ्या तांब्याच्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं. पहिल्या घासाला आईच्या धिरड्याची आठवण आली होती.

या सगळ्यांत माझी आवडती ब्रोसची खिंड, १००२ मीटर. लेस्कारेनहून सुरू होते. नीस आणि इटलीतल्या तोरिनोमधला जुना मिठाचा मार्ग याच वाटेनं जात असे, त्यामुळे चढ बैलगाडी-खेचराला झेपेल असा आखलेला आहे. तुए गावाच्या वर वळणं एकावर एक रचल्यासारखी येतात, वरून बघितलं की खालची सहा-सात एका नजरेत दिसतात. माथ्याजवळ रने व्हिएतोचं स्मारक आहे. कान शहराच्या बाजूचा हा सायकलपटू पोरगा १९३४ च्या टूरमध्ये अवघा वीस वर्षांचा होता. चढात सगळ्यांत तरबेज. पण संघनायक आंतोनँ मान्यचं चाक मोडलं तेव्हा त्यानं आपलं चाक काढून दिलं आणि मदतीची गाडी येईपर्यंत रस्त्याकडेला बसून रडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तो मागे फिरून आला आणि आपली सायकल दिली. मान्य ती टूर जिंकला, व्हिएतो पाचवा आला आणि डोंगरांचा किताब त्याला मिळाला. मी दर वेळी त्या दगडापाशी उतरते, हातमोजे काढून त्यावर हात ठेवते.

उतार ही वेगळी विद्या आहे, आणि ती चढापेक्षा जास्त मन लावून शिका. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. वळणात शिरल्यावर नाही. नजर चाकापुढे नको, वळण जिथून बाहेर पडतं तिथे. बाहेरचा पाय खाली, वजन त्याच्यावर. हात हँडलच्या खालच्या वाकावर. माथ्यावरच विंडचीटर घाला, थंडी वाजेपर्यंत थांबू नका : घामानं भिजलेलं अंग दहा मिनिटांत गारठतं आणि बोटं ब्रेक दाबेनाशी होतात. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं.

नियम थोडक्यात. घंटी हवीच. दोन्ही कानांपैकी एकातही इअरफोन चालत नाही, २०१५ पासून दंड आहे. रात्री गावाबाहेर चमकणारं जॅकेट आणि दिवे. गावाबाहेर गाडीनं तुम्हाला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचं असतं, आणि बहुतेक जण ठेवतात. मागची गाडी अडली असेल तर तुम्हीही एका रांगेत या. अडचणीला ११२. किनाऱ्यालगतच्या लोकल गाडीत जागा असेल तर सायकल चढवता येते, म्हणून मेंतोंपर्यंत गाडीनं जाऊन ताज्या पायांनी चढायला लागा.

त्युरिनी वर्षभरानंतर करा. १६०७ मीटर, सोस्पेलहून चोवीस किलोमीटर. बेव्हेरा नदीच्या घळीतून जाताना मेनूरच्या चॅपेलचा पायरस्ता पुलावरून तुमच्या डोक्यावरून जातो, मग मुलिने गाव, मग घनदाट जंगल. मोंते कार्लोची मोटार रॅली या खिंडीसाठीच ओळखली जाते. हिवाळ्यात वर बर्फ असतं, छोटी स्की-केंद्रंही आहेत, त्यामुळे मे ते ऑक्टोबर. मुलिनेत बाटल्या भरा, कारण त्यानंतर माथ्यापर्यंत बारा किलोमीटर वस्ती नाही. पाठीच्या खिशात एक कोरडा बनियन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि माथ्यावरच्या हॉटेलात गरम काहीतरी पिताना तो बदला. सोस्पेलहून नीसला गाड्या दिवसातून मोजक्याच असतात. शेवटच्या गाडीची वेळ निघण्याआधी हँडलच्या नळीला चिकटपट्टीवर लिहून लावा.