बरगडी मोडल्यावर छाती आवळू नका

बरगडीला प्लास्टर नसतं. मग घरचे छातीला घट्ट पट्टा बांधतात, आणि तिथेच चुकतं. आवळलेल्या छातीत श्वास उथळ होतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया गाठतो. दुखतंय म्हणून श्वास चोरला तरी तेच. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी वेळेवर घ्या आणि जागेपणी दर तासाला १० सावकाश खोल श्वास घ्या. खोकला दाबू नका. सोलापुरी चादरीची जाड घडी दुखऱ्या जागेवर दाबून धरा आणि खोका. सुरुवातीला पाठीमागे उशा लावून, अर्धवट बसून झोपणं सोपं जातं.

साधी मोड साधारण ६ आठवड्यांत सांधते. चालणं मात्र पहिल्याच आठवड्यापासून हवं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पहाटेच, सिद्धेश्वर तलावाकाठी सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्याच वेगाने. खोल श्वास, खोकला आणि कूस बदलणं न दुखता जमलं की हलकं धावणं, मग दंड, शेवटी बॉलिंग. कबड्डीतली पकड आणि तालमीतली कुस्ती ८ ते १२ आठवड्यांनी, तीही डॉक्टरांना विचारूनच: कमरेची मिठी थेट बरगड्यांवर येते. दुखणं परतलं तर एक पायरी मागे या.

धाप लागली, ताप आला, थुंकीत रक्त दिसलं, किंवा खालच्या बरगडीच्या मारानंतर पोट वा खांदा दुखू लागला, तर लगेच दवाखाना गाठा. पोट-खांद्याच्या दुखण्यामागे प्लीहा (स्प्लीन) किंवा यकृताला झालेली इजा असू शकते. एक्स-रे स्वच्छ आला तरी बारीक मोड सुटलेली असू शकते, हेही ध्यानात ठेवा.