घरात लाइटखाली मिरची-टोमॅटो लावताय? एका वेळी एकच गोष्ट बदला
माती, खत, लाइट तिन्ही एकदम बदलायचं नाही, कारण मग पानं पिवळी पडली की कशामुळे तेच कळत नाही, मी हे करून बसलोय. एकाच पाकिटातलं बी चार सारख्या कुंड्यांत लावा, एक कुंडी तशीच ठेवा आणि बाकीच्यांत एकेकच बदल, म्हणजे एकीत गांडूळखत जास्त, एकीत परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके दाणे) जास्त, एकीत लिक्विड खत पॅकेटवर लिहिलंय त्याच्या निम्म्यानेच. कुंडीवर तारीख टाका, नंतर आठवत नाही.

पानांची टोकं करपून तपकिरी झाली तर बहुतेक खत जास्त झालंय, दोन-तीनदा साधं पाणी खालून निथळेपर्यंत घाला. रोप नुसतंच उंच, काडीसारखं वाढतंय आणि दोन पानांत अंतर पडतंय? मग खत कितीही ओता काही होणार नाही, त्याला उजेड कमी पडतोय. एलईडी लाइट रोपाच्या शेंड्यापासून ३० सेंटिमीटरवर आणून बघा, पानं वर वळायला लागली की थोडा वर घ्या. टायमर १४-१६ तासांचा पुरे, २४ तास लाइट ठेवला तर टोमॅटोची पानं उलट पिवळी पडतात. आणि प्रत्येक बदलाला दहा-बारा दिवस तरी द्या राव, रोज काहीतरी करत बसू नका.