दुबईच्या हॉटेलात मॅनेजर म्हणून जाताना

दादरच्या कॅटरिंग कॉलेजची मुलं फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, दुबईत पॅकेज किती मिळेल?" मी म्हणतो, आधी बेसिक, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, किती आहे ते बघ. यूएईत नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवरच निघते. पहिली ५ वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचा पगार, पुढे ३० दिवसांचा. भत्ते फुगवून बेसिक तोकडं ठेवलं असेल तर सही करण्याआधी बोला. आणि डिग्री खरी असल्याचे सरकारी शिक्के (अटेस्टेशन) मुंबईत असतानाच उरकून घ्या, तिथून फार यातायात होते.

खरी कसोटी माणसांची. मुंबईत हाउसकीपिंगमध्ये मी नऊ वर्षं काढली. फ्लोअरवर चूक दिसली की तिथल्या तिथे झापायचं आणि तासाभराने त्याच पोराबरोबर कॅन्टीनमध्ये चहा प्यायचा, ही आमची रीत. दुबईत पहिल्याच महिन्यात, सकाळच्या ब्रीफिंगला, एका फिलिपिनो सुपरवायझरला मी सगळ्यांदेखत बोललो. व्हीआयपी खोलीत दोघांसाठी एकच बाथरोब ठेवला गेला होता, एवढंच. ती हसून "येस सर" म्हणाली. मला वाटलं, विषय मिटला. पण त्यानंतर लिनन, म्हणजे चादरी-टॉवेल, कमी आलं, पाहुणा चिडला, काहीही झालं तरी मला ते दुसऱ्याच कुणाकडून कळायचं. दीड महिन्याने तिचा राजीनामा आला. चारचौघांत मान खाली जाण्याला त्यांच्या भाषेत 'हिया' म्हणतात आणि ती फार खोल लागते, हे एका नेपाळी सहकाऱ्याने मला नंतर समजावलं. चांगली मुलगी मी गमावली, याचं वाईट आजही वाटतं.

तेव्हापासून चूक दाखवायची ती लिनन रूममध्ये, दार लोटून, दोघांतच. "झालं ना?" विचारणंही सोडलं, त्याला "येस सर" हेच उत्तर येतं. "कुठवर आलंय?" विचारा, खरं कळेल.

रमजानमध्ये कायद्याने कामाचे तास रोज २ ने कमी होतात आणि गर्दी इफ्तारपासून सुहूरपर्यंत, म्हणजे पहाटेच्या रोजाआधीच्या जेवणापर्यंत, सरकते. रोस्टर महिनाभर आधीच नव्याने मांडा. रोजा सोडायच्या वेळी कुणाला फ्लोअरवर अडकवू नका.

आणि घरी बोला. माझी बायको इथे शाळेत शिकवायची. तिथे ती दिवसभर काय करणार, हा प्रश्न आम्हा दोघांत निघालाच नाही. चौथ्या महिन्यात एका रात्री ती म्हणाली, "आज दिवसभरात मी फक्त लिफ्टमध्ये एका बाईला गुड मॉर्निंग म्हणाले."