पोरगी पळतीय चांगली, पण मॅरेथॉनची घाई नको

पोरगी शाळेच्या स्पर्धेत पहिली आली की लगेच तिला मॅरेथॉनला उतरवू का, असं विचारणारे पालक लय भेटतात. माझं उत्तर एकच, नको. आधी धावपटू ललिता बाबरचं करिअर बघा.

सातारा जिल्हा, माण तालुका, मोही गाव, सगळा दुष्काळी पट्टा आणि सुरुवात खो-खोपासून. पुढं २०१२, १३, १४ सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनला भारतीय महिलांत पहिली, म्हणजे दुसरं कुणी असतं तर तिथंच थांबलं असतं ना, पण तिनं ३००० मीटर स्टीपलचेस धरलं, म्हणजे ट्रॅकवर अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत. २०१४ ला इंचॉन एशियाडमध्ये ब्राँझ, २०१५ ला वुहानला एशियन चॅम्पियनशिपचं गोल्ड, २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचं नॅशनल रेकॉर्ड आणि फायनलला दहावी. १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवर ऑलिम्पिक फायनल गाठणारी पहिली भारतीय बाई!

मॅरेथॉन जिंकूनही तिचं मोठं नाव ट्रॅकवरच झालं, म्हणून वयाच्या सतरा-अठरापर्यंत ८००, १५००, ३००० मीटर आणि क्रॉस कंट्री (माळरानावरची शर्यत) एवढंच पळू द्या. अंडर-२० वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्येसुद्धा मुलींना ५००० मीटरच्या वर पळण्याची रेस नाही, मग आपल्याला कसली घाई? आठवड्यातलं बरंचसं पळणं बोलता येईल इतकं आरामात, जोरातले दिवस दोनच पुरे. रोज दमून घरी येणं म्हणजे मेहनत, असं समजणारे कोच अजून आहेत, त्यांच्यापासून लांबच राहा.

स्टीपलचेस करून बघायचं असेल तर आधी गवतावर कमी उंचीचे अडथळे, डावा-उजवा कुठल्याही पायानं टेक-ऑफ घेता आला पाहिजे, पाण्याची उडी सगळ्यात शेवटी. रेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या, महिलांसाठी उंची साधारण ७६ सेंमी, आणि हे अडथळे हर्डलसारखे धक्का लागला की पडत नाहीत, आपणच पडतो.

आता जे कोणी बोलत नाही ते. पाळी बंद झाली की "फिट झाली" म्हणणारे लोक मी ऐकलेत, हा शुद्ध अडाणीपणा आहे. पळण्याच्या मानानं खाणं कमी पडलं की पाळी थांबते, हाडं कमजोर होतात, मग स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा, म्हणून पाळीची तारीख ट्रेनिंगच्या डायरीतच लिहा आणि दोन-तीन महिने आली नाही तर डॉक्टरकडे न्या. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) तपासा. भाकरी, डाळ, अंडी, गूळ-शेंगदाणे, पोटभर द्या, वजन कमी कर म्हणून मागं लागू नका.

दर रविवारी कुठंतरी रोख बक्षिसाची रोड रेस असतेच, घराला पैशाची गरज असते हे मान्य, पण पोरगी सगळ्याच रेस पळाली तर ट्रॅकचा सीझन बोंबलतो, वर्षातल्या मोजक्याच निवडा. मॅरेथॉन कुठं पळून जात नाही. नाशिककडची सावरपाड्याची कविता राऊत, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला १०,००० मीटरचं ब्राँझ घेतलं आणि ऑलिम्पिकची मॅरेथॉन पळाली २०१६ ला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी.

जिमवाल्यानं दिलेली पावडर, गोळी काही घेऊ नका, डोप टेस्टमध्ये सापडली तर "मला माहीत नव्हतं" चालत नाही. आणि तालुका, जिल्हा, राज्य, प्रत्येक स्पर्धेचं ओरिजिनल सर्टिफिकेट लॅमिनेट न करता फाइलला लावा, खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणातून नोकरीला अर्ज करताना त्यांची पडताळणी होते, नावाचं स्पेलिंग आधारसारखंच आहे का ते सर्टिफिकेट हातात पडल्या पडल्या तिथंच बघून घ्या.